अनेक टॅब उघडे असताना ब्राउझर अडखळू लागल्यास दोष कसा शोधावा

ब्राउझर मंदावला की बहुतेक जण हाताला लागतील ते टॅब बंद करत सुटतात. त्याने घटकाभर बरे वाटते, पण कामाची पाने हातची जातात आणि मूळ दोष तसाच राहिल्यामुळे थोड्या वेळाने तोच त्रास पुन्हा सुरू होतो. केवळ संख्येवरून दोष ठरवणे चुकीचे आहे; कारण कितीतरी टॅब निमूटपणे पडून असतात आणि त्यांतला एखादाच सगळ्यांचा वेग खातो, किंवा टॅबशी संबंध नसलेले एखादे एक्स्टेंशनच (ब्राउझरला जोडलेली छोटी पूरक सोय) ओझे होऊन बसलेले असते. म्हणून आधी दोषी कोण ते शोधावे आणि मगच काय बंद करायचे ते ठरवावे.

मात्र त्याही आधी उघडी पाने जपून ठेवावीत. क्रोम, एज आणि फायरफॉक्स या तिन्हींमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डी ही बटणे एकत्र दाबल्यास त्या विंडोतील सर्व टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क करता येतात. मॅकवर कंट्रोलऐवजी कमांड वापरावे. बुकमार्कमध्ये फक्त पत्ता राहतो, पानावर आपण लिहिलेले काहीही राहत नाही, हे विसरू नये. अर्धवट भरलेला फॉर्म किंवा न पाठवलेला मेल असेल, तर तो मजकूर आधी नोटपॅडमध्ये उतरवून ठेवावा. चुकून बंद झालेला टॅब कंट्रोल, शिफ्ट आणि टी दाबून परत येतो, परंतु इन्कॉग्निटो (इतिहास न साठवणाऱ्या खाजगी) विंडोतील टॅब ती विंडो बंद केल्यावर कोणत्याही युक्तीने परत येत नाहीत.

आता लक्षणांकडे पाहावे. टॅब बदलताना संपूर्ण संगणकच खोळंबत असेल, इतर प्रोग्रॅमही सावकाश उघडत असतील, तर मेमरी कमी पडत आहे. रॅम, म्हणजे संगणकाची ही तात्पुरती मेमरी, भरली की ऑपरेटिंग सिस्टीम काही मजकूर डिस्कवर हलवते आणि डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असल्यामुळे प्रत्येक क्लिकला थांबावे लागते. पंखा जोरात फिरत असेल आणि लॅपटॉप तापत असेल, तर कोणते तरी पान प्रोसेसरला सतत राबवत आहे. टॅब झटपट बदलतात पण नवी पाने उघडायलाच वेळ लागतो, अशी स्थिती असेल तर दोष बहुधा इंटरनेट जोडणीचा आहे आणि टॅब बंद करून फारसा उपयोग होणार नाही.

निदानाचे सर्वांत उपयुक्त साधन ब्राउझरमध्येच असते, तरीही ते फार कमी जण उघडून पाहतात, याचे वाईट वाटते. विंडोजवर क्रोम, एज किंवा फायरफॉक्स समोर असताना शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबावे. ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. मॅकवरील क्रोममध्ये तो विंडो या मेनूत सापडतो. क्रोममध्ये यात प्रत्येक टॅब, प्रत्येक एक्स्टेंशन आणि ग्राफिक्सची प्रोसेस (संगणकावर स्वतंत्रपणे चालणारे काम) वेगवेगळ्या ओळींत दिसतात, कारण हा ब्राउझर वेगवेगळ्या साइट शक्यतो वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतो. मेमरीच्या स्तंभाच्या शीर्षकावर क्लिक केल्यास यादी त्या क्रमाने लागते. त्यानंतर सीपीयूच्या, म्हणजे प्रोसेसरच्या, स्तंभावर क्लिक करून अर्धा मिनिट नुसते पाहत राहावे. आकडा क्षणभर उसळून खाली येत असेल तर ते स्वाभाविक आहे. आपण त्या पानाला हातही लावलेला नसताना तो वरच टिकून राहत असेल, तर दोषी सापडला. ती ओळ निवडून प्रोसेस संपवावी. क्रोममध्ये टॅब जागेवरच राहतो, फक्त त्यात पान कोलमडल्याची सूचना दिसते, आणि रीलोड केल्यास पान पुन्हा उघडते. एकाच साइटचे अनेक टॅब कधी कधी एकाच प्रोसेसमध्ये असतात, त्यामुळे एक ओळ संपवल्यावर सोबतचे टॅबही कोलमडू शकतात. म्हणून निवडलेल्या ओळीसोबत आणखी कोणत्या ओळी ठळक होतात ते आधी पाहावे.

यादीत कोणी एकटा दोषी दिसत नसेल आणि सगळे मिळूनच रॅम भरत असेल, तर टॅब बंद करण्याऐवजी त्यांना निद्रिस्त करणे चांगले. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये परफॉर्मन्स या भागात मेमरी सेव्हर आहे, तर एजमध्ये स्लीपिंग टॅब आहेत. फायरफॉक्समध्ये २०२५ साली आलेल्या १४० व्या आवृत्तीपासून टॅबवर राइट क्लिक करून तो अनलोड करता येतो. अनलोड झालेल्या टॅबचे नाव पट्टीवर राहते, मेमरी मोकळी होते आणि क्लिक केल्यावर पान नव्याने लोड होते. आवाज चालू असलेले किंवा पिन केलेले टॅब मेमरी सेव्हर सहसा सोडून देतो. तरीही ज्या साइटवर लांबलचक काम चालू असते, ती अपवादांच्या यादीत घालून ठेवावी.

एक्स्टेंशनवर संशय असेल, तर तीच साइट इन्कॉग्निटो विंडोत उघडून पाहावी, कारण आपण मुद्दाम परवानगी दिली नसेल तर क्रोम तिथे एक्स्टेंशन चालवत नाही. फायरफॉक्समध्ये हेल्प मेनूतील ट्रबलशूट मोड हेच काम करतो. तिथे पान सुरळीत चालले, तर एक्स्टेंशन एकेक करून बंद करत दोषी शोधावे. पाने काळी पडणे किंवा लुकलुकणे हा मात्र बहुधा ग्राफिक्सचा दोष असतो. त्यासाठी सेटिंग्जमधील हार्डवेअर अॅक्सिलरेशन (चित्रणाचे काम ग्राफिक्स चिपकडे सोपवण्याची सोय) बंद करून ब्राउझर पुन्हा सुरू करावा. कॅशे, म्हणजे ब्राउझरने साठवलेल्या पानांच्या प्रती, साफ करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण डिस्कवरील कॅशे पुसल्याने भरलेली रॅम मोकळी होत नाही, म्हणून या त्रासात तो उपाय मी सुचवणार नाही.

एक वेगळी अडचणही लक्षात ठेवण्याजोगी आहे. सतत ताजी माहिती दाखवणाऱ्या एकाच साइटचे बरेच टॅब उघडल्यावर पुढचा टॅब नुसता फिरत राहतो आणि बाकीच्या साइट मात्र व्यवस्थित उघडतात. पाने मागवण्याच्या जुन्या एचटीटीपी १.१ पद्धतीत ब्राउझर एका सर्व्हरशी एका वेळी साधारण ६ जोडण्या ठेवतो. त्या सगळ्या आधीच्या टॅबांनी धरून ठेवल्या की नव्याला वाट पाहावी लागते. अशा वेळी रॅम वाढवूनही काही होत नाही, त्याच साइटचे एक-दोन टॅब बंद केले की काम भागते.

ब्राउझर पूर्णच गोठला, तर मिनिटभर थांबून पाहावे आणि मग विंडोजचा टास्क मॅनेजर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केपने उघडून त्यातून ब्राउझर बंद करावा. पुन्हा सुरू केल्यावर आधीचे टॅब परत आणण्याचा पर्याय सहसा येतो. परत आणताच ब्राउझर पुन्हा गोठत असेल, तर तो बंद करून इंटरनेट तोडावे आणि मग टॅब परत आणावेत. बहुतेक पाने लोड होऊ शकत नसल्यामुळे टॅब पट्टीवर शांत राहतात, संशयित टॅब बंद करायला उसंत मिळते, आणि त्यानंतर इंटरनेट जोडून बाकीची पाने गरजेप्रमाणे एकेक रीलोड करता येतात.