नर्सरीतून आणलेल्या रंगीत पानांच्या झाडाचं नाव शोधताय? या चुका टाळा

कोल्हापुरात नर्सरीत पांढऱ्या-पिवळ्या चट्ट्यांचं कुठलंही झाड दाखवा, ‘क्रोटन’ किंवा ‘शोचं झाड’ हे उत्तर बहुधा ठरलेलं. त्यावर विसंबून पाणी-ऊन ठरवलं की झाड गेलंच म्हणून समजा.

सगळ्यात मोठी चूक रंगावरून नाव शोधण्याची. चट्टे कितीतरी कुळांतल्या झाडांना येतात, एकाच झाडाच्या दोन पानांवरही ते सारखे नसतात. त्यापेक्षा पानं खोडाला कशी लागलीत ते बघा. क्रोटनची पानं चामड्यासारखी जाड आणि एकाआड एक. प्रत्येक पेऱ्यावर दोन पानं समोरासमोर असतील तर तो क्रोटन नव्हे. ग्रॅप्टोफायलम किंवा स्यूडेरॅन्थेमम असण्याची शक्यता जास्त. ही दोन्ही अडुळशाच्या कुळातली. परसात अडुळसा असेल तर त्याची फांदी शेजारी धरा, मांडणी लगेच जुळते.

खरा घोळ होतो तो डिफेनबेकिया आणि ॲग्लोनेमात. डिफेनबेकियाचं खोड उसाच्या कांड्यासारखं, गळलेल्या पानांचे गोल वण असलेलं. पान मोठं, मधली शीर मागून बोटाला ठसठशीत लागते. ॲग्लोनेमा बारीक खोडाचा, अरुंद पानांचा, आणि बुंध्यातून फुटवे काढत पसरणारा. दोन्ही अळूचे भाऊबंद आहेत, त्यामुळे चव घेऊन बघण्याचा उद्योग नको. कच्च्या अळवाने घसा खवखवतो तो कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांमुळे; डिफेनबेकियात तर जीभ सुजून बोलणंही अवघड होतं. छाटणीनंतर हात धुवा, कुंडी लहान मुलांच्या हाताला आणि मांजराच्या तोंडाला लागणार नाही अशी ठेवा.

देठ पानाला मिळतो तिथे फुगीर सांधा आणि रात्री पानं उभी राहतात? मग कॅलेथिया-मरांटाचं कूळ. लेबलवर ‘गोपर्टिया’ दिसलं तरी गोंधळू नका, २०१२ मध्ये बऱ्याच कॅलेथियांना हे नाव मिळालं. हळदीसारख्या लांब पानांवर पिवळे पट्टे असतील तर पान चुरगाळा: आलं-वेलदोड्यासारखा वास आला तर अल्पिनिया, नाही आला तर कर्दळ असू शकते.

गूगल लेन्सला एकाच छान पानाचा फोटो देऊन उपयोग नाही. सावलीत चार फोटो घ्या: पूर्ण झाड, पेरं, पानाची मागची बाजू आणि मातीलगतचा बुंधा. भर उन्हात पांढरा भाग जळल्यासारखा येतो नि कडा हरवतात.

नाव कळेपर्यंत कुंडी बदलू नका, खतही नको. नर्सरीतली झाडं बहुतेक हिरव्या जाळीखाली वाढलेली असतात. एप्रिलमध्ये थेट गच्चीवर ठेवली की पानाचा पांढरा भाग आधी करपतो. सकाळचं कोवळं ऊन पुरे. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. जून-जुलैच्या झडीत तर फारच जपून.

चट्टा खरा की रोग? पान गुळगुळीत आणि चट्ट्याची कड स्पष्ट असेल तर बहुधा जातीचाच गुण. पान सुरकुतलं, वाकडं आलं तर विषाणूचा संशय घ्या, कुंडी वेगळी करा. कोवळं पान पिवळं पण शिरा हिरव्या, हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण. एखादा फुटवा पूर्ण हिरवा निघाला तर मुळाशी कापा, नाहीतर तोच जोमाने वाढून बाकीचं झाड दाबून टाकतो.

आणि कॅलेडियम, म्हणजे अळूसारख्या रंगीत पानांचं झाड, वाळलं म्हणून फेकू नका. थंडीत त्याची सगळी पानं माना टाकतात, पण मातीत कंद जिवंत असतो. पाणी तोडा, कुंडी कोरडी ठेवा, उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा थोडं थोडं पाणी सुरू करा.