जीआयएफवर मराठी ओळ टाकताना: इमेजमॅजिक नव्याने शिकणाऱ्यांसाठी

हलत्या चित्राखाली एक वाक्य टाकायला टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) कशाला, असं नवीन मंडळी विचारतात. एकच चित्र असेल तर खरंच नको. फोल्डरभर जीआयएफ असतील, तर मात्र इमेजमॅजिक या चित्रं हाताळणाऱ्या प्रोग्रामची एक कमांड लिहायची आणि चहाला जायचं.

आधी जीआयएफचं पोट समजून घ्या. फाइल आटोपशीर राहावी म्हणून पहिल्या फ्रेमनंतर बहुतेकदा चित्राचा बदललेला तुकडाच साठवलेला असतो. त्यावर मजकूर लिहिणारं ॲनोटेट थेट चालवलं, तर मजकूर तुकड्याच्या तळाशी बसतो आणि ओळ चित्रभर उड्या मारते. म्हणून फाइलच्या नावानंतर लगेच कोॲलेस द्यायचं; मग प्रत्येक फ्रेम पूर्ण होते. त्यानंतर ग्रॅव्हिटी साउथ (मजकूर तळाशी), फॉन्ट, पॉइंटसाइझ (अक्षरांचा आकार), मग ॲनोटेट आणि शेवटी फाइल पुन्हा आटोपशीर करणारं लेयर्स ऑप्टिमाइझ. क्रम बदलू नका. जुन्या लेखांत कमांडच्या सुरुवातीला कन्व्हर्ट दिसेल. सातव्या आवृत्तीपासून तिथे मॅजिक लिहायचं.

पांढऱ्या अक्षरांना काळी कड हवीच. पण ही कड काढणारा स्ट्रोक अक्षराच्या आतही पसरतो आणि मात्रा, अनुस्वार गिळतो. यावर उपाय म्हणजे तीच ओळ दोनदा लिहायची: आधी कडेसह, मग त्यावर स्ट्रोक नन करून.

खरी परीक्षा देवनागरीची. फॉन्ट मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी घ्या, पण नुसत्या फॉन्टने भागत नाही. जोडाक्षरं जुळवायला इमेजमॅजिक राक्म लायब्ररीसह बांधलेलं लागतं. मॅजिक व्हर्जन विचारल्यावर डेलिगेट्सच्या (सोबत बांधलेल्या लायब्ररींच्या) यादीत ते नाव आहे का बघा. चाचणीला मी ‘किल्ल्यावरच्या वाऱ्यात’ हे शब्द वापरते. पहिली वेलांटी क-च्या उजवीकडे गेली किंवा ल-चा पाय मोडका दिसला, तर राक्म नाही. ‘नमस्कार’वर चाचणी करून समाधान मानणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

ओळ ठरावीक सेकंदांपुरतीच हवी असेल, तर मी एफएफएमपेग हे व्हिडिओचं साधन घेते. यूटीएफ-८ या अक्षर-पद्धतीत एसआरटी (सबटायटलची) फाइल लिहून सबटायटल्स फिल्टरला द्यायची. त्यामागची लिबॲस लायब्ररी देवनागरी नीट जुळवते. जीआयएफच्या एका पॅलेटमध्ये (रंगांच्या यादीत) २५६च रंग मावतात, त्यामुळे सबटायटल्स आधी आणि पॅलेट बनवणारं पॅलेटजेन, ते वापरणारं पॅलेटयूज नंतर. म्हणजे अक्षरांचा पांढरा-काळाही पॅलेट बनवताना मोजला जातो.