आरमध्ये पाऊस आणि तापमान एकाच ग्राफवर: उजवीकडचा अक्ष कसा लावायचा

मुंबईचा महिन्यानुसार पाऊस बारमध्ये आणि त्यावर सरासरी तापमानाची रेघ, असा ग्राफ आर या आकडेवारीच्या प्रोग्रामिंग भाषेतल्या जीजीप्लॉट२ या ग्राफ काढायच्या पॅकेजमध्ये काढला की रेघ पार तळाला चिकटलेली दिसते, कारण जुलैचा पाऊस आठशे मिमीच्या वर जातो आणि तापमान वर्षभर साधारण २४ ते ३० अंशांतच फिरतं. मग उजवीकडच्या दुसऱ्या अक्षासाठी 'सेक ॲक्सिस' लावला की उजवीकडे आकडे येतात खरे, पण रेघ जागची हलत नाही! कारण इथे दुसरा अक्ष म्हणजे फक्त उजवीकडे छापलेले आकडे, डेटा सगळा डाव्या स्केलवरच काढला जातो, त्यामुळे रेघ वर न्यायचं गणित आपणच करायचं आणि तेच उलटं करून सेक ॲक्सिसला द्यायचं.

समजा डावीकडे ० ते ९०० मिमी आणि उजवीकडे २० ते ३५ अंश हवेत. १५ अंश ९०० मिमीवर पसरायचे, म्हणजे एका अंशाला ६० मिमी. रेघेच्या वायमध्ये तापमानातून २० वजा करून ६० ने गुणा, सेक ॲक्सिसमध्ये ६० ने भागून २० मिळवा. ३० अंश ६०० वर बसतात का आणि ६०० चे परत ३० होतात का, एवढं बघूनच पुढे जा. डावीकडे दर ३०० ला आणि उजवीकडे दर ५ ला आकडा ठेवला की दोन्हीकडचे आकडे एकाच आडव्या रेषेवर येतात, वाचायला खूप सोपं जातं. महिने फॅक्टर (ठरावीक क्रमाचे गट) करून क्रमाने लावा, नाहीतर वर्णक्रमाने एप्रिल आधी येतो, आणि रेघ गायब झाली तर सगळे महिने एकाच रेघेत जोडायला तिला 'ग्रुप' १ द्या.

स्टाटा या आकडेवारीच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हे गणित लागत नाही, रेघेला 'वायॲक्सिस' २ म्हटलं की झालं, फक्त त्याची रेंज आपण द्यायची.

पण २० ते ३५ हे मी निवडलंय. ० ते ३६ घेतलं तर तीच रेघ जवळजवळ सपाट दिसेल, म्हणून रेघ बारला कुठे छेदते यावरून कसलाही निष्कर्ष काढू नका. बार मात्र शून्यापासूनच हवेत. सेल्सिअस-फॅरनहाइटला ही अडचण नाही, तिथे सूत्र ठरलेलंच आहे. अक्षाचं नाव रेघेच्याच रंगात द्या, आणि चढउतारांची तुलनाच दाखवायची असेल तर सरळ फॅसेट वापरून दोन ग्राफ एकाखाली एक लावा, वाय स्केल 'फ्री' ठेवून.