अक्रोडाच्या रंगाला बुरशी येत होती, तेव्हा

ओहायोतल्या आमच्या घरामागे काळ्या अक्रोडाचं झाड आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळं पडतात. त्यांची हिरवी साल काळी पडू दिली की सुंदर गडद तपकिरी रंग उतरतो; लोकरीला तर रंग पक्का बसायला तुरटीही लागत नाही.

पहिल्या वर्षी साली उकळल्या, चहाच्या गाळणीने गाळल्या आणि रंग घट्ट झाकणाच्या बरण्यांत भरून ओट्याखाली ठेवला. तीन आठवड्यांत वर पांढरी बुरशी, आंबूस वास, एक झाकण चक्क फुगलेलं! चोथा आत राहिला होता, तोच आंबला. सगळं ओतून देताना फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी अर्क सुती पंचातून दोनदा गाळला आणि मंद आचेवर निम्मा आटवला. पूर्ण गार झाल्यावर, शेगडीपासून लांब, अर्ध्या लिटरला 50 मिली रबिंग अल्कोहोल (औषधाच्या दुकानात मिळणारं, जखमेभोवती पुसायचं स्पिरिट) घातलं आणि बाटली गॅरेजमधल्या फ्रिजमध्ये ठेवली. कागदावरच्या चित्रांसाठी तो आठ महिने छान टिकला.

लोकरीसाठी मात्र रंग साठवतच नाही, साली वाळवते. अख्ख्या ठेवल्या तर सडतात, अळ्याही निघतात. म्हणून फोडून, पंख्याखाली कडक वाळवून कागदी पिशवीत भरते. लागतील तेव्हा रात्रभर भिजवून तासभर उकळायच्या. लोखंडी कढईत रंग काळसर होतो, मला तोच आवडतो.

हातमोजे घालाच, डाग कित्येक दिवस जात नाही. चोथा टोमॅटोच्या वाफ्यात टाकू नका, त्यातलं जुग्लोन नावाचं नैसर्गिक रसायन रोपं मारतं. आणि बाटलीवर ठळक नाव लिहा: रंग अगदी कोऱ्या कॉफीसारखा दिसतो.