रूट करताना कॉम्प्युटरला फोन दिसत नाही? ड्रायव्हरचा घोळ असा सोडवा

फोन रूट करायला, म्हणजे त्याच्या सिस्टीमचा पूर्ण ताबा घ्यायला बसलं, की कॉम्प्युटरच्या काळ्या कमांड विंडोत ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’ ही ओळ येते आणि गाडी तिथेच अडते. फोनच्या स्क्रीनवर फास्टबूट (अँड्रॉइड सुरू होण्याआधीचा, कॉम्प्युटरकडून कमांड घेणारा मोड) लिहिलेलं असतं, केबल जोडलेली असते, पण विंडोजच्या लेखी फोन नाहीच. मग मिळेल तो ड्रायव्हर (विंडोजला फोनशी बोलायला शिकवणारा छोटा प्रोग्राम) पॅकमधून टाकायचा, रीस्टार्ट करायचं, पुन्हा दुसरा पॅक टाकायचा असा खेळ सुरू होतो आणि गुंता आणखी वाढतो.

गोम अशी आहे की विंडोज तुमच्या फोनला एक वस्तू मानतच नाही. फोन चालू असताना तो एक उपकरण, फास्टबूटमध्ये गेला की दुसरं, आणि चिपच्या आतल्या आणीबाणीच्या मोडमध्ये गेला की तिसरं. प्रत्येकाचा ओळख क्रमांक वेगळा आणि ड्रायव्हरही वेगळा. ‘कालपर्यंत फोटो कॉपी होत होते की!’ या म्हणण्याला म्हणून इथे काही किंमत नाही. आधी विचारायचा प्रश्न एकच: फोन आत्ता कोणत्या मोडमध्ये आहे?

सुरुवात करण्याआधी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रूट करण्याआधी बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक करावा लागतो, आणि तो केला की फोनमधला सगळा डेटा पुसला जातो. बॅकअप आधी, ड्रायव्हर नंतर. रूट केल्यावर बँकेची आणि यूपीआयची काही ॲप्स चालायला नकार देतात, त्यामुळे रोजचा एकुलता एक फोन या कामाला न घेतलेलाच बरा.

केबल आणि पोर्ट

बाजारातल्या बऱ्याच स्वस्त केबल फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांत डेटाच्या तारा नसतात. फोन जोडल्यावर फाइल ट्रान्सफरचा पर्याय येऊन फोनमधले फोटो कॉम्प्युटरवर उघडले तर केबल ठीक. नाहीतर ड्रायव्हरच्या वाटेला जाऊच नका, आधी केबल बदला. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागचा, थेट मदरबोर्डवरचा पोर्ट वापरा.

फोन चालू असताना

गूगलच्या अँड्रॉइड डेव्हलपर साइटवरून ‘प्लॅटफॉर्म टूल्स’ची झिप फाइल घ्या आणि सी ड्राइव्हवर साध्या नावाच्या फोल्डरमध्ये उघडा. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’खाली बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा (शाओमीत त्याऐवजी एमआययूआय किंवा ओएसच्या व्हर्जनवर), मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये यूएसबी डीबगिंग चालू करा. आता त्या फोल्डरमध्ये कमांड विंडो उघडून ‘एडीबी डिव्हाइसेस’ ही कमांड द्या. (एडीबी म्हणजे कॉम्प्युटरवरून चालू फोनला कमांड देणारं साधन.) कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप अर्थातच रोमन लिपीत करायच्या.

उत्तर काय येतं ते नीट वाचा, कारण निम्मं निदान त्यातच आहे. सीरियल नंबरापुढे ‘अनऑथोराइज्ड’ आलं तर ड्रायव्हर व्यवस्थित आहे. फोनची स्क्रीन उघडा, परवानगीची चौकट आली असेल तिला होकार द्या. चौकट येतच नसेल तर डेव्हलपर ऑप्शन्समधून जुन्या डीबगिंग परवानग्या रद्द करा आणि केबल काढून पुन्हा लावा. ‘ऑफलाइन’ आलं तर ‘एडीबी किल-सर्व्हर’ देऊन पहिली कमांड पुन्हा चालवा. सर्व्हरची आवृत्ती जुळत नाही अशी तक्रार आली तर कॉम्प्युटरवर दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने स्वतःचं वेगळं एडीबी आणलेलं असतं. फोनची स्क्रीन कॉम्प्युटरवर दाखवणारे प्रोग्राम आणि अँड्रॉइड एम्युलेटर हे नेहमीचे संशयित, ते बंद करा.

यादी साफ रिकामी असेल, केबल चांगली असेल आणि डीबगिंगही चालू असेल, तरच दोष ड्रायव्हरकडे जातो.

फास्टबूटमध्ये

खरी अडचण बहुतेकांना इथेच येते. ‘एडीबी रीबूट बूटलोडर’ दिलं की फोन फास्टबूटमध्ये जातो. यानंतर ‘एडीबी डिव्हाइसेस’ रिकामं दाखवतं ते बरोबरच आहे, एडीबी या मोडमध्ये चालत नाही. आता कमांड ‘फास्टबूट डिव्हाइसेस’.

तिथेही काही आलं नाही तर फोन जोडलेलाच ठेवून डिव्हाइस मॅनेजर (जोडलेल्या उपकरणांची विंडोजची यादी) उघडा. ‘अदर डिव्हायसेस’खाली पिवळ्या त्रिकोणासह ‘अँड्रॉइड’ किंवा ‘फास्टबूट’ असं काहीतरी दिसेल. त्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज, मग डिटेल्स, आणि यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीआयडीपुढचे चार अक्षर-आकडे कंपनी सांगतात: १८डी१ म्हणजे गूगल, २७१७ शाओमी, ०४ई८ सॅमसंग, ०ई८डी मीडियाटेक, ०५सी६ क्वालकॉम (या शेवटच्या दोन फोनच्या चिप बनवणाऱ्या कंपन्या). चालू असताना २७१७ दाखवणारा रेडमी फास्टबूटमध्ये गेला की १८डी१ आणि त्यापुढे डी००डी दाखवतो. फोन तोच, विंडोजसाठी मात्र नवा पाहुणा.

उपाय दोन. सोपा आधी करून बघा: फोन त्याच मोडमध्ये जोडलेला ठेवून विंडोज अपडेटच्या ‘ऑप्शनल अपडेट्स’मध्ये जा. ड्रायव्हरच्या यादीत अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस दिसत असेल तर तो घ्या, काम झालं.

तिथे काही नसेल तर हाताने बसवा. गूगलचा यूएसबी ड्रायव्हर उतरवून झिप उघडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पिवळ्या नोंदीवर राइट क्लिक करून ‘अपडेट ड्रायव्हर’ निवडा, त्यात ‘ब्राउझ माय कॉम्प्युटर’, मग खालचा ‘लेट मी पिक’ हा पर्याय. ‘शो ऑल डिव्हायसेस’, त्यानंतर ‘हॅव डिस्क’, आणि झिपमधली आयएनएफ फाइल दाखवा. तीन नावं येतील. फास्टबूटसाठी ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ निवडा, एडीबीसाठी ‘अँड्रॉइड एडीबी इंटरफेस’. हा ड्रायव्हर या उपकरणासाठी असल्याची खात्री देता येत नाही, असा इशारा विंडोज देईल. त्या फाइलमध्ये गूगलच्याच फोनांचे क्रमांक नोंदवलेले असल्यामुळे इतर कंपन्यांच्या फोनला तो इशारा येणारच. ‘येस’ म्हणा. फोल्डर दाखवून विंडोजला आपोआप शोधायला लावलं तर ते हात हलवत परत येतं, त्याचंही कारण हेच. म्हणून ‘लेट मी पिक’चा लांबचा रस्ता.

ड्रायव्हर बसला, फोन यादीत आला, पण मॅजिस्कने (रूट करून देणाऱ्या ॲपने) बदललेली बूट इमेज, म्हणजे फोन सुरू करणारी फाइल, पाठवताना मध्येच ‘राइट टू डिव्हाइस फेल्ड’ आलं तर ड्रायव्हर उकरू नका. हा बहुतेकदा पोर्टचा प्रश्न असतो. यूएसबी ३ च्या पोर्टवर, त्यातही काही एएमडी रायझनच्या मशीनवर, फास्टबूट असा कोसळू शकतो. जुना यूएसबी २ चा पोर्ट शोधा. लॅपटॉपला तो नसेल तर मध्ये साधा, स्वस्तातला यूएसबी २ हब घाला. ऐकायला खुळचट वाटतं, पण बऱ्याचदा चालतं.

सॅमसंग, मीडियाटेक, क्वालकॉम

सॅमसंगच्या फोनला फास्टबूट नसतो, त्याचा डाउनलोड मोड असतो आणि कॉम्प्युटरवर ओडिन हा प्रोग्राम लागतो. कंपनीचा स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर टाका आणि स्मार्ट स्विच (सॅमसंगचा बॅकअपचा प्रोग्राम) चालू असेल तर बंद करा, नाहीतर दोघं एकाच पोर्टवर भांडतात. ओडिनमध्ये ‘ॲडेड’ आलं की जोडणी झाली.

मीडियाटेकच्या फोनमधला प्रीलोडर (फोन सुरू होतानाचा अगदी पहिला टप्पा) भलताच चपळ. बंद फोन जोडला की तो डिव्हाइस मॅनेजरमध्ये दोन-चार सेकंद चमकतो आणि गायब होतो. पिवळी नोंद पकडायला वेळच मिळत नाही, म्हणून त्याचा ड्रायव्हर फोन जोडायच्या आधीच बसवून ठेवायचा.

स्क्रीन काळी आणि कॉम्प्युटरवर क्वालकॉमचं ९००८ असं नाव दिसत असेल तर फोन आणीबाणीच्या मोडमध्ये आहे. पॉवर आणि व्हॉल्यूम कमी करायचं बटण एकत्र बराच वेळ दाबून ठेवा. तरी परत येत नसेल तर तो मामला ड्रायव्हरच्या पलीकडचा आहे.

कोड ५२ आणि जुना कचरा

ड्रायव्हर बसला तरी त्रिकोण तसाच आणि प्रॉपर्टीजमध्ये कोड ५२, म्हणजे विंडोजला त्या ड्रायव्हरची डिजिटल सही पटलेली नाही. आधी सही असलेली नवी आवृत्ती शोधा. नाइलाज असेल तर शिफ्ट दाबून रीस्टार्ट करा, ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असं जाऊन पुन्हा रीस्टार्ट करा आणि ७ दाबा. सही तपासणं पुढच्या रीस्टार्टपर्यंतच बंद राहतं. लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) असेल तर त्याची रिकव्हरी की आधी दुसरीकडे लिहून ठेवा. ती मागितली आणि जवळ नसली तर फोन राहिला बाजूला, लॅपटॉपच कुलूपबंद होऊन बसेल.

आधीच चार पॅक टाकून झाले असतील तर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’मधून लपलेली उपकरणं दाखवा. फिकट दिसणाऱ्या अँड्रॉइडच्या नोंदी एकेक करून काढा, काढताना ड्रायव्हरही काढण्याच्या चौकटीत खूण करा. रीस्टार्ट करून फक्त एकच, योग्य ड्रायव्हर टाका. एका क्लिकवर रूट करून देतो म्हणणाऱ्या प्रोग्रामच्या पोटातून आलेले ड्रायव्हर घेऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. सोबत काय काय येतं ते कळतही नाही.

एवढं करूनही विंडोज ऐकत नसेल तर त्याच्याशी हुज्जत घालत बसू नका. उबुंटूचा (विंडोजऐवजी चालणाऱ्या मोफत लिनक्स सिस्टीमचा) लाइव्ह पेन ड्राइव्ह बनवून त्यावरून कॉम्प्युटर चालू करा, काही इन्स्टॉल करायची गरज नाही. टर्मिनलमध्ये एडीबी आणि फास्टबूट ही दोन पॅकेजेस टाकली की फोन थेट दिसतो, वेगळा ड्रायव्हर लागतच नाही. ‘नो परमिशन्स’ आलं तर कमांडच्या आधी ‘सुडो’ लावा, म्हणजे ती ॲडमिनच्या हक्काने चालते. मात्र ओडिन आणि शाओमीचं अधिकृत अनलॉक टूल विंडोजवरच चालतात, तेवढ्यापुरतं विंडोजकडे परत यावं लागेल.