विंडोज सोडून लिनक्सवर येताना: कोणता त्रास मागे राहतो आणि कोणता सोबत येतो

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट्स थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि साधारण आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे पाचव्या-सहाव्या पिढीचे ठणठणीत लॅपटॉप अडकून पडले. सेकंडहँड घेतलेले, दादाकडून किंवा ताईकडून आलेले, कॉलेजात तीन-चार वर्षं सहज चालतील असे हे लॅपटॉप. लिनक्स मिंटसारखी प्रणाली (ऑपरेटिंग सिस्टम) त्यांवर नीट चालते. पण बदल करताना बहुतेक नवखे एकच चूक करतात. एका रविवारी सगळं पुसून नवी प्रणाली टाकतात आणि सोमवारी असाइनमेंट उघडत नाही म्हणून परत विंडोजवर जातात.

क्रम उलटा हवा. आधी प्रोग्राम बदला, तेही विंडोजवरच बसून. प्रणाली सगळ्यात शेवटी. लिब्रेऑफिस, फायरफॉक्स, व्हीएलसी, गिंप, इंकस्केप, व्हीएस कोड हे सगळं विंडोजवरही चालतं. महिनाभर रोजचं काम फक्त यांवर करा आणि जुना प्रोग्राम उघडावा लागला की कशासाठी ते वहीत लिहून ठेवा. महिन्याने ती यादी पाहिली की निर्णय आपोआप होतो. यादीत ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, कोरलड्रॉ, फोटोशॉप किंवा टॅली असेल आणि पोट त्यावर असेल, तर विंडोज काढू नका. फ्लेक्स छापणाऱ्याने किंवा हिशेबनीसाकडे उमेदवारी करणाऱ्याने पूर्ण लिनक्सवर जाण्यात शहाणपण नाही. डिजिटल सहीचं यूएसबी टोकन वापरून निविदा किंवा विवरणपत्रं भरायची असतील, तर त्या कामापुरतं एक विंडोज मशीन हाताशी ठेवा. प्लेसमेंटच्या ऑनलाइन परीक्षांचंही तेच. सेफ एक्झाम ब्राउझर लिनक्सवर चालतच नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री हे कळणं परवडत नाही, सूचनापत्रातली प्रणालीची अट आधी वाचा.

आता मागे काय सुटतं ते. पहिलं म्हणजे अपडेटची दादागिरी. विंडोजमध्ये चालू असलेल्या प्रोग्रामची फाइल कुलूपबंद असते, ती बदलायची तर मशीन बंद करून चालू करावं लागतं. लिनक्समध्ये चालू फाइलच्या जागी नवी फाइल ठेवता येते, जुनी प्रत तो प्रोग्राम बंद होईपर्यंत डिस्कवर टिकून राहते. म्हणून काम चालू असतानाच अपडेट होतं. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, बदलला तर रीस्टार्ट लागतो, पण तो कधी करायचा ते तुम्ही ठरवता. सादरीकरणाच्या मध्येच निळा पडदा आणि 'बंद करू नका' असा प्रकार होत नाही.

दुसरं, झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेनड्राइव्ह. दुकानातल्या मशीनवर व्हायरस असला की घरी आल्यावर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले दिसतात. खरे फोल्डर कुठे गेलेले नसतात. व्हायरसने त्यांना लपवलेलं असतं आणि त्याच नावाचे शॉर्टकट बनवलेले असतात. शॉर्टकटवर क्लिक केलं की तो तुमच्या मशीनवर उतरतो. तोच पेनड्राइव्ह लिनक्सला लावा. विंडोजची 'लपवलेलं' ही खूण इथे पाळली जात नाही, त्यामुळे मूळ फोल्डर सरळ दिसतात. शॉर्टकट नुसत्या निरुपयोगी फाइली म्हणून पडलेल्या असतात. त्या पुसा, हवं ते कॉपी करा. मात्र लिनक्सवर धोकाच नाही असं समजू नका. कुठून तरी उचललेला आदेश टर्मिनलमध्ये, म्हणजे आदेश टाइप करायच्या खिडकीत, चिकटवून वर पासवर्ड दिला, तर तो मशीनवर काहीही करू शकतो. आदेशातला प्रत्येक शब्द काय करतो हे कळल्याशिवाय पासवर्ड देऊ नका.

क्रॅक केलेलं ऑफिस, अ‍ॅक्टिव्हेशनची पट्टी, ती घालवायला अँटिव्हायरस बंद करून चालवलेली संशयास्पद फाइल, हा सगळा जाचही संपतो.

मराठीत लिहिणाऱ्यांचा त्रास मात्र वेगळा आहे, आणि तो बदलाच्या आधी सोडवावा लागतो. श्रीलिपी, कृतिदेव किंवा डीव्ही-टीटी अशा जुन्या फॉन्टांमधल्या फाइली खरं तर मराठीत साठवलेल्या नसतात. आत रोमन अक्षरांचे संकेत असतात, वर फॉन्टने मराठीचा मुखवटा चढवलेला असतो. तो फॉन्ट नसला की पानभर अगम्य रोमन अक्षरं दिसतात. फाइल बिघडलेली नसते, मुखवटा उतरलेला असतो. अशा सगळ्या फाइली विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्याखुऱ्या देवनागरी संकेतांत, बदलून घ्या आणि बदललेला मजकूर डोळ्याने तपासा. ऱ्हस्व वेलांटी पुढच्या अक्षरावर सरकणं, रफार चुकीच्या जागी बसणं, जोडाक्षर फुटणं या नेहमीच्या चुका. तपासायला उत्तम जोडी म्हणजे 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना'. पहिल्यात गुरुजी, दुसऱ्यात स्वयंपाकी. रूपांतरात दोन्ही एकच झाले असतील तर ते साधन सोडून द्या.

टायपिंगची सोय सोपी आहे. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांच्या यादीतून मराठी इनस्क्रिप्ट ही प्रमाण मांडणी निवडली की पुरे, काही उतरवून घ्यावं लागत नाही. कळा विंडोजवरच्याच: 'जे' वर र, शिफ्ट धरून 'जे' वर ऱ, 'डी' वर पाय मोडायचा, शिफ्ट धरून 'एन' वर ळ. रफारासाठी र, पाय मोडा, मग पुढचं अक्षर, जसं 'र्य' साठी य. आडव्या रेघेच्या 'ऱ्या'साठी ऱ, पाय मोडा, य, काना. एक बारीक अडचण ध्यानात ठेवा. जुन्या फाइलींमध्ये हाच 'ऱ्या' कधीकधी साधा र, पायमोड आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिलेला असतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण 'शोधा आणि बदला' एकाला शोधताना दुसऱ्याला पकडत नाही. शब्द समोर दिसतोय आणि सापडत नाही, असं झालं की कारण बहुधा हेच. उच्चारानुसार रोमन कळांनी टाइप करायची सवय असेल तर आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचं एम१७एन हे जोडपॅकेज टाका आणि एकदा लॉगआउट करून परत या. त्याशिवाय नवी मांडणी यादीत दिसत नाही. मांडण्यांच्या क्रमात इंग्रजी पहिली ठेवा. मराठी पहिली राहिली तर लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड देवनागरीत टाइप होतो, ठिपक्यांमागे काय पडतंय ते दिसत नाही आणि पासवर्ड विसरल्यासारखं वाटतं.

लिब्रेऑफिस देवनागरीला रोमनपेक्षा वेगळा गट मानतं. दोघांचा फॉन्टही वेगळा आणि आकारही वेगळा. म्हणून रोमनला १४ आकार दिला तरी मराठी मजकूर १२ वरच राहतो आणि नवखा माणूस वैतागतो. परिच्छेदाच्या शैलीत फॉन्टच्या पानावर दोन भाग असतात, त्यातल्या 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'च्या भागात मराठीचा फॉन्ट आणि आकार ठरवा. भाषेच्या पर्यायात त्या गटाची भाषा मराठी करा, नाहीतर हिंदी धरली जाते. भाषा मराठी केल्यावर नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे होतात. मंगल, कोकिळा, निर्मला हे फॉन्ट विंडोजसोबत येतात, लिनक्सवर नसतात. त्यांच्या जागी दुसरा फॉन्ट बसला की ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात. साठ पानांचा प्रकल्प चौसष्ट पानांचा होतो आणि अनुक्रमणिका चुकते. सुरुवातीपासून मुक्त किंवा मोफत मिळणारा एखादा फॉन्ट धरा, मुक्ता किंवा तिरो देवनागरी मराठी चालेल, आणि तोच दोन्ही प्रणालींवर टाका. रोमनसाठी कॅलिब्रीच्या मापाचा कार्लितो आणि टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा लिबरेशन सेरिफ आहे, त्यांनी ओळी हलत नाहीत. मार्गदर्शकांना दुरुस्तीसाठी वर्डची फाइल द्या, जमा करताना मात्र पीडीएफच.

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना आणखी एक धक्का बसतो. अनेक कॉलेजांत आजही टर्बो सी++ वर शिकवतात. तिथला प्रोग्राम लिनक्सवरच्या जीसीसी या कंपायलरला दिला की त्रुटींची रांग लागते. कोनिओ आणि ग्राफिक्स या हेडर फाइली इथे नसतात, त्यामुळे पडदा पुसणारी आणि कळ दाबेपर्यंत थांबवणारी ती दोन्ही फंक्शन मिळत नाहीत. हेडरच्या नावात एक अक्षर चुकून मोठ्या लिपीत पडलं तर फाइल सापडत नाही, कारण लिनक्स मोठी आणि छोटी रोमन अक्षरं वेगळी मानतं. विंडोज ते चालवून घेतं. विंडोजच्या एडिटरमध्ये लिहिलेली शेल किंवा पायथन स्क्रिप्ट थेट चालवताना 'इंटरप्रिटर सापडत नाही' असं उत्तर आलं, तर ओळीच्या शेवटी विंडोज जे एक जादा चिन्ह ठेवतं ते काढा. व्हीएस कोडच्या खालच्या पट्टीत 'सीआरएलएफ' दिसतं, त्यावर क्लिक करून 'एलएफ' निवडा. उलट दिशेने येणारी अडचण अशी की लिनक्सवर फाइलच्या नावात अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह चालतं. तीच फाइल विंडोजवर किंवा तिथल्या पद्धतीच्या पेनड्राइव्हवर नेताना अडते. हा त्रास सोसण्यासारखा आहे, नोकरीत सर्व्हर बहुतेक लिनक्सचेच भेटतात आणि ही शिस्त तिथे लागतेच.

आता प्रत्यक्ष टाकणं. ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे गृहीत धरा. रुफस किंवा एचर या साधनाने त्यावर मिंटची प्रतिमा (आयएसओ फाइल) लिहा. फाइल नुसती ओढून टाकली तर मशीन त्यावरून सुरू होत नाही. सुरू करताना डेल, लेनोव्हो आणि बहुतेक एसरवर एफ१२, एचपीवर एस्केप आणि मग एफ९, असुसवर एस्केप दाबा. 'लाइव्ह' अवस्थेत डिस्कला हात न लावता सगळं तपासता येतं, आणि ही अर्ध्या तासाची तपासणी चुकवू नका: वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड, उजेड कमी-जास्त करणं, झाकण मिटून उघडणं, एचडीएमआयने प्रोजेक्टर, तुमचा प्रिंटर. वाय-फाय दिसत नसेल, जे काही ब्रॉडकॉम चिपांवर होतं, तर फोन यूएसबीने जोडून टिथरिंग चालू करा. इंटरनेट आलं की ड्रायव्हर मॅनेजर उरलेलं आणतो. ४ जीबी रॅम असेल तर मिंटच्या सिनॅमनऐवजी हलकी एक्सएफसीई आवृत्ती घ्या. मशीनमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर प्रणाली बदलून फारसा वेग येणार नाही, आधी एसएसडी बसवा.

डिस्कला हात लावण्याआधी विंडोजमध्ये काही कामं उरकायची असतात. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या, त्यात डेस्कटॉप, ब्राउझरचे पासवर्ड आणि आउटलुकची फाइल विसरू नका. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवा. फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण बंद होत नाही, झोपी जातं, आणि मग लिनक्सला ती डिस्क फक्त वाचता येते, लिहिता येत नाही. डिस्क मॅनेजमेंटमधून ६० जीबी तरी मोकळी करा. इंस्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर मशीन बहुधा डिस्क हाताळण्याच्या इंटेल आरएसटी पद्धतीवर आहे. बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) ती बदलून एएचसीआय करायची, पण विंडोजला आधी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगून मगच. थेट बदललं तर विंडोज सुरू होत नाही. सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू ठेवून एनव्हिडिया ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकला की पुढच्या वेळी एक निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल मॉक' निवडून इंस्टॉलमध्ये ठरवलेला पासवर्ड द्यायचा असतो. काही सेकंदच मिळतात, पुढे गेलात तर ड्रायव्हर चढत नाही.

दोन्ही प्रणाली ठेवल्या की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसू शकतं. सकाळी दहाला साडेचार. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज तिलाच स्थानिक समजतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल या आदेशाने स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की भांडण मिटतं.

प्रिंटर नवे, वाय-फायचे असतील तर बहुतेक ड्रायव्हरशिवाय चालतात. जुन्या लेझरचं तसं नाही. एचपी लेझरजेट १०२० सारखा प्रिंटर दर वेळी चालू झाल्यावर संगणकाकडून फर्मवेअर मागतो, त्यासाठी एचपीलिप या एचपीच्या लिनक्स सॉफ्टवेअरचं वेगळं प्लगइन उतरवावं लागतं. ते नसलं तर प्रिंटर यादीत दिसतो, काम रांगेत जातं आणि कागद हलत नाही.

प्रणालीच्या नोंदी साठवणारं टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करा. अपडेटने काही बिघडलं तर प्रणाली कालच्या स्थितीत नेता येते. तुमचे कागदपत्र मात्र त्यात धरलेले नसतात, त्यांचा बॅकअप वेगळाच घ्यायचा. विंडोजचा भाग निदान एक सत्र तसाच ठेवा. नंतर तो पुसून जागा घ्यायची झाली तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून जीपार्टेड या डिस्कचे भाग बदलणाऱ्या साधनाने मोठा एनटीएफएस (विंडोजच्या पद्धतीचा) भाग काढा. सुरुवातीला दिसणारा १०० ते ५०० एमबीचा छोटा फॅट३२ भाग, ईएफआय नावाचा, विंडोजचा वाटतो म्हणून पुसू नका. लिनक्सही त्याच्यावरूनच सुरू होतं.