आरोग्य संशोधनात मास्टर्स: नियमावली वाचून दोन वर्षांचं वेळापत्रक कसं आखावं

पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला की पहिल्याच आठवड्यात नियमावलीची पीडीएफ वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येते. तिच्यावर अंगठे पडतात आणि ती तिथेच वर सरकत नाहीशी होते. मग दुसऱ्या वर्षी प्रबंध जमा करायची वेळ आली की सगळे ती शोधायला लागतात.

माझंही असंच झालं होतं. एथिक्स कमिटीचं, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीचं, मंजुरीपत्र हातात येण्याआधी मी 38 प्रश्नावल्या भरून बसले होते. ‘पायलटला, म्हणजे मुख्य अभ्यासाआधीच्या छोट्या चाचणीला, काही लागत नाही,’ असं एका सिनियरने सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. पत्रावरची तारीख पहिल्या प्रश्नावलीच्या तारखेच्या अकरा दिवस नंतरची निघाली. त्या 38 बायकांनी हातातलं काम टाकून मला वेळ दिला होता, आणि त्यातलं एकही उत्तर मला वापरता आलं नाही. आज नाशिकमध्ये मुलामुलींना प्रबंधाच्या कामात मदत करताना मी सर्वांत आधी नियमावलीच उघडायला लावते.

आधी ठरवा, कोणती नियमावली तुमची

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 साली स्थापन झालं. नाशिकला दिंडोरी रोडवर म्हसरूळच्या बाजूला त्याचं मुख्यालय आहे आणि राज्यभरातली वैद्यकीय, दंत, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंगची महाविद्यालयं त्याला संलग्न आहेत. तुमचा अभ्यासक्रम या विद्यापीठाचा असेल तर विद्यापीठाची नियमावली लागू होते. त्याशिवाय तुमच्या शाखेची केंद्रीय परिषद असेल तर तिचेही नियम असतात. दोन्ही डाउनलोड करा आणि तुमच्या प्रवेशाच्या वर्षी कोणती आवृत्ती लागू होती ते पहिल्या पानावर पेनने लिहा. सिनियरची जुनी प्रत चालत नाही. नियम परिपत्रकांनी बदलत असतात, म्हणून महिन्यातून एकदा विद्यापीठाच्या संकेतस्थळावरची परिपत्रकं चाळा आणि आपल्या अभ्यासक्रमाचं पत्रक दिसलं की ते त्याच फाइलमध्ये लावा.

वाचताना पेन्सिल घ्या. इंग्रजी मसुद्यात जिथे ‘शॅल’ आहे तिथे पर्याय नसतो. मराठीत त्याला ‘बंधनकारक राहील’ म्हणतात. ‘मे’ म्हणजे मुभा, आणि ती मुभा कोणाला आहे तेही बघा, कारण बऱ्याचदा ती विद्यार्थ्याला नसून विद्यापीठाला असते. पाच गोष्टी वेगळ्या कागदावर उतरवा: हजेरीची किमान टक्केवारी, प्रत्येक विषयात आणि एकूण उत्तीर्ण होण्याची अट, सिनॉप्सिसची (प्रबंधाच्या आराखड्याची) मुदत, प्रबंध जमा करायची मुदत, आणि पदवी पूर्ण करायला मिळणारी कमाल वर्षं. शीर्षक किंवा गाईड बदलायचा असेल तर तो कधीपर्यंत बदलता येतो, हेही त्यात घाला. हा कागद अभ्यासाच्या टेबलासमोर भिंतीवर चिकटवा.

वेळापत्रक शेवटाकडून मांडा

माझ्या मते सगळ्यात जास्त डोकं इथेच लावायला हवं. नियमावलीत तारखा असतात, पण ज्या गावात तुम्ही जाणार त्या गावाचं वर्ष तिच्यात नसतं. हे दोन्ही तुम्हालाच एका कॅलेंडरवर बसवावं लागतं.

समजा तुमचा विषय सुरगाणा किंवा पेठ तालुक्यातल्या बायकांच्या आरोग्याचा आहे. प्रवेश ऑगस्ट-सप्टेंबरचा, आणि प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या जानेवारीत जमा करायचा. जूनमध्ये मृगाचा पाऊस लागला की शेतात पेरणी आणि मग आवणी (भाताची लावणी) सुरू होते, ओढ्यांना पाणी येतं, आणि पाड्यावर पोचलात तरी भर दुपारी घरात कोणी भेटत नाही. भातकापणी उरकली की बरीच कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. जानेवारीत तुम्ही त्यांच्या गावी गेलात तर दारात म्हातारी माणसं आणि लहान पोरं सापडतील. प्रश्नावल्या भराल, पण नमुना कलंडलेला असेल, कारण ज्या वयाच्या बायकांबद्दल प्रश्न विचारायचा तीच वयं गावात नाहीत. व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, परीक्षकाने ‘तुम्ही कोणत्या महिन्यात गेला होता?’ एवढं विचारलं तरी उत्तर देणं अवघड होईल.

शिमग्याला बरीच माणसं घरी येतात. म्हणजे तुमच्या हातात शिमग्यापासून मृगापर्यंतचे साधारण तीन महिने आहेत, आणि त्यातही लग्नसराई असते. उन्हाळ्यात सकाळ पाणी आणण्यात जाते, म्हणून मुलाखती दुपारनंतर धरा.

आता मागे या. शिमग्याला काम सुरू करायचं तर एथिक्स कमिटीचं पत्र संक्रांतीपर्यंत हातात हवं. कमिटी रोज बसत नाही, आणि पहिल्या बैठकीत एखादी शंका निघतेच, म्हणून अर्ज दिवाळीच्या सुमारास जायला हवा. त्यासाठी सिनॉप्सिस दसऱ्यापर्यंत गाईडच्या सहीसह तयार हवा. प्रवेशानंतर जेमतेम दोन महिने मिळतात. विषय निवडायला वर्ष आहे असं समजणारे इथेच फसतात. पुढचं सोपं आहे. पावसाळ्यात डेटा एंट्री आणि विश्लेषण करा, दुसऱ्या दिवाळीपर्यंत लिखाण संपवा, आणि त्यानंतरचे दोन महिने गाईडच्या दोन वाचनांना, प्लॅगरिझम (साहित्यचोरी) रिपोर्टला आणि बाइंडिंगला ठेवा. शहरातल्या दवाखान्यात काम असेल तर महिने बदलतील, पण मांडायची रीत हीच.

सिनॉप्सिस: आकडा झेपणारा घ्या

सिनॉप्सिसमध्ये कमिटी आणि परीक्षक सर्वात आधी नमुन्याचा आकार, म्हणजे किती जणांना प्रश्न विचारणार तो आकडा, बघतात. एखाद्या त्रासाचं प्रमाण ठाऊक नसेल तर ते 50 टक्के धरतात. 95 टक्के खात्री आणि 5 टक्के चूक ठेवली की नेहमीच्या सूत्राने 384 येतात. दहातला एक जण नकार देईल असं धरायचं असेल तर 384 ला 0.9 ने भागा, 427 मिळतील. बरेच जण 384 मध्ये सरळ 10 टक्के मिळवून 422 लिहितात, ते चूक आहे. आता एक मुलाखत चाळीस मिनिटांची, चालणं धरून दिवसाला आठ मुलाखती. 427 ना 54 दिवस लागतील. एकट्याने हे झेपत नसेल तर चूक 7 टक्के ठेवता येते का ते गाईडशी बोला. मग 196, आणि नकार धरून 218 होतात. आधी गावं आणि मग गावातली घरं निवडणार असाल तर डिझाइन इफेक्टही, म्हणजे अशा निवडीमुळे नमुना वाढवावा लागतो तो गुणकही, धरावा लागतो. हे सगळं सिनॉप्सिस लिहितानाच सोडवा. मंजुरीनंतर आकडा कमी करायचा म्हणजे पुन्हा कमिटीपुढे जाणं आलं.

एथिक्स कमिटी आणि संमतिपत्र

माणसांवरच्या आरोग्य संशोधनासाठी आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, म्हणजे आयसीएमआरची, 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यांच्यानुसार कमिटीत 7 ते 15 सदस्य असतात, अध्यक्ष संस्थेबाहेरचे असतात, आणि डॉक्टरांबरोबर कायद्याचे जाणकार, समाजशास्त्राचे अभ्यासक आणि सामान्य नागरिकही बसतात. प्रस्ताव तीनपैकी एका वाटेने जातो: सूट, जलद छाननी किंवा पूर्ण बैठक. तुमचा अभ्यास सूट मिळण्याजोगा असला तरी तो निर्णय कमिटी देते. तुम्ही किंवा गाईड तो परस्पर घेऊ शकत नाही. पायलटसुद्धा याच मंजुरीत बसवावा लागतो, त्याचा उल्लेख प्रस्तावात करा.

औषध, व्यायाम, आहार असं काही देऊन परिणाम बघणार असाल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, सीटीआरआयमध्ये, पहिला सहभागी घेण्याआधी नोंद करा. नोंदणी विनाशुल्क आहे. 1 एप्रिल 2018 पासून मागाहून केलेली नोंद तिथे घेत नाहीत.

संमतिपत्रावर मात्र पाहिजे तेवढा वेळ घालवा. एका मुलीच्या मसुद्यात वाक्य होतं: ‘सहभागी व्यक्तीस संशोधनाच्या कोणत्याही टप्प्यावर माघार घेण्याचा अधिकार अबाधित राहील.’ आम्ही ते पाड्यावरच्या आशाताईंना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलं, ‘माघार म्हणजे निवडणुकीतली का?’ मग तेच वाक्य असं झालं: ‘मधेच नको वाटलं तर थांबा. कारण सांगायची गरज नाही. दवाखान्यात तुम्हाला मिळणारे औषधपाणी त्यामुळे बंद होणार नाही.’ कमिटीने हाच मसुदा एका बैठकीत मंजूर केला. भाग अहिराणी बोलणारा असेल, कोकणा बोलणारा असेल, तर तिथल्याच माणसाला समोर बसवून मसुदा ऐकवा. वाचता न येणाऱ्या व्यक्तीचा अंगठा घेताना अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा आणि त्याची सही हवी. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांची संमती लागते, आणि कळत्या वयाच्या मुलाचा स्वतःचा होकारही.

मंजुरीनंतर प्रश्नावलीत एक प्रश्न वाढवायचा असला तरी दुरुस्तीचा अर्ज करा. प्रश्नावलीवर नाव न लिहिता क्रमांक टाका, आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा.

कोणाकडून कोणती परवानगी

कमिटीचं पत्र म्हणजे दवाखान्यात शिरायचा परवाना नव्हे. प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे आहेत, तिथे जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना अर्ज करा. सिव्हिल हॉस्पिटल आणि ग्रामीण रुग्णालयांसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांना. नाशिक शहरातल्या मनपा दवाखान्यांसाठी महापालिकेच्या वैद्यकीय विभागाला. अर्जाला कॉलेजचं पत्र, कमिटीच्या मंजुरीची झेरॉक्स आणि प्रश्नावली जोडा. आणि दोन प्रती न्या: एक आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन पोच घ्या. पंधरा दिवसांनी चौकशीला गेलात की टेबलावरचा पहिला प्रश्न ‘आवक नंबर काय?’ हाच असतो.

साहित्यचोरीची तपासणी

विद्यापीठ अनुदान आयोगाचे 2018 चे नियम सांगतात की 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. 10 च्या वर 40 पर्यंत असेल तर सुधारून पुन्हा द्यायचं, त्यासाठी जास्तीत जास्त सहा महिने. 40 ते 60 असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देता येत नाही. 60 च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, आभार, आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजणीत धरत नाहीत. तुमच्या विद्यापीठाची मर्यादा याहून कडक असेल तर तीच पाळा. सर्वात जास्त साम्य ‘पद्धती’च्या प्रकरणात निघतं, कारण तेच सिनियरच्या प्रबंधातून उचललं जातं. ते प्रकरण क्षेत्रकाम संपल्याच्या आठवड्यातच, आपल्या वहीत बघून लिहा. कोणत्या पाड्यावर किती घरं बंद होती, कोण नाही म्हणालं, हे दुसऱ्या कोणाच्या प्रबंधात सापडणार नाही.

मुदत हुकणार असं दिसलं तर

आजारपण, बाळंतपण, गाईडची बदली, काहीही होऊ शकतं. मुदतवाढीचं कलम नियमावलीत बहुधा असतं, पण अर्ज मुदत संपण्याआधी पडलेला लागतो. तोंडी बोलण्यावर विसंबू नका. अर्ज एक पानाचा पुरे. त्यात नोंदणी क्रमांक, मंजूर शीर्षक, आत्तापर्यंत झालेलं काम आकड्यांत, उरलेलं काम तारखांसह, आणि कोणत्या कलमाखाली मुदतवाढ मागता त्याचा क्रमांक. ‘काही अपरिहार्य कारणास्तव’ असं लिहू नका. ‘427 पैकी 310 मुलाखती पूर्ण, उरलेल्या 117 मुलाखती 15 मेपर्यंत पूर्ण करते’ असं लिहा. गाईडची शिफारस, विभागप्रमुखांची सही आणि कारणाचा दाखला जोडा. एथिक्स कमिटीची मंजुरी दरम्यान संपत असेल तर तिच्या नूतनीकरणाचा अर्ज त्याच दिवशी करा. आणि दोन्हींची पोच भिंतीवरच्या त्या कागदाशेजारी लावा.